डुलता लाकडी घोडा : इतिहास, कालनिर्णय व जतन

(1)

ताम्रपट, शकावल्या, महजर व कैफियती यांच्या चर्चेसाठी राखून ठेवलेल्या या पृष्ठांवर लहान मुलांच्या लाकडी घोड्याने पाय ठेवावा, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. त्यांच्या समाधानार्थ दोन गोष्टी आरंभीच नमूद करतो.

पहिली अशी की, आपल्या पूर्वसूरींनी खेळण्यास क्षुद्र मानलेले नाही. शूद्रकाने आपल्या प्रकरणाचे नाव ठेवले ते चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीवरून. पाणिनीने तर प्रतिकृतिवाचक शब्दांसाठी पाचव्या अध्यायात स्वतंत्र नियम घातला आहे. एखाद्या वस्तूसारखी घडविलेली प्रतिमा दाखवावयाची असता मूळ शब्दास 'क' हा प्रत्यय लागतो. काशिकाकारांनी याची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत अग्रस्थानी आहे तो 'अश्वक', म्हणजे घोड्याची प्रतिकृती. त्याच्या मागोमाग उंट व गाढव येतात. व्याकरणकारांस प्रतिकृती म्हणताच घोडा आठवावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट आपणा संग्राहकांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. छंद या अर्थी जो 'हॉबी' शब्द आपण नित्य वापरतो, तो मुळात एका लहान चणीच्या घोड्याचा वाचक होता. त्यावरून मुलांच्या काठीच्या घोड्यास 'हॉबी-हॉर्स' हे नाव पडले. आणि मूल जसे त्या काठीवर बसून जग विसरते, तसा प्रौढ मनुष्य ज्या नादात जग विसरतो त्यासही तेच नाव मिळाले. लॉरेन्स स्टर्न याने 1759 ते 1767 या काळात प्रसिद्ध केलेल्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीत एका पात्राचे किल्लेबंदीचे वेड याच शब्दाने वर्णिले आहे. पुढे शब्दातील 'हॉर्स' गळला व 'हॉबी' उरली. तेव्हा पोथ्यांचा छंद बाळगणारा प्रत्येक सद्गृहस्थ व्युत्पत्तीच्या दृष्टीने लाकडी घोड्यावरच आरूढ आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

(2)

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे. आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी घोडा होता. करड्या अंगावर काळसर ठिपके, पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले, काचेचे डोळे, घोड्याच्याच केसांची पण निम्मी उपटली गेलेली आयाळ आणि खाली दोन खांबांची लाकडी चौकट. घरात अशी परंपरा चालत आली होती की, पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या रेसिडेन्सीतील कोणा साहेबाने आमच्या एका पूर्वजास तो बक्षीस दिला. मीही ती हकीकत विद्यार्थ्यांस अनेकदा मोठ्या अभिमानाने सांगितली आहे.

नातीला बसावयास द्यावा म्हणून काही वर्षांपूर्वी तो खाली काढला. रंगाचे पोपडे सुटत होते. घरी कामास आलेल्या एका रंगाऱ्यास मी तो सोपविला आणि 'नव्यासारखा कर' असे सांगितले. त्याने सांगितल्याबरहुकूम काम केले. काचकागदाने अंग घासून लाकूड उघडे केले, भेगा लांबीने भरल्या, खुरांच्या तळाशी असलेली भोके बुजविली, पोटाखालचा भागही साफ केला आणि सर्वांगास चकचकीत पांढरा तैलरंग दिला. पोटाखाली शिसपेन्सिलीने लिहिलेले काही आकडे व दोन-तीन रोमन अक्षरे मी लहानपणी पाहिली होती. ती कोणती, हे आज आठवत नाही. रंगाऱ्याचा यात यत्किंचितही दोष नाही. दोष आज्ञा देणाराचा आहे.

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासण्याची चाल होती, हे येथे सांगण्याची गरज नाही. लेखकाने हरताळ फासला तो निदान चूक झाकण्यासाठी. मी जो फासला तो बरोबर अक्षरांवर. हे उमगले ते पुढे या घोड्यांचा इतिहास वाचू लागल्यावर. म्हणून तो इतिहास प्रथम सांगतो व मग पुन्हा आमच्या घोड्याकडे येतो.

(3)

मुलाने घोड्याची नक्कल करणे फार प्राचीन आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने स्पार्टाचा राजा आजेसिलाउस याची एक आख्यायिका दिली आहे. राजा आपल्या मुलांबरोबर काठीचा घोडा करून खेळत असता एका मित्राने त्यास पाहिले; तेव्हा 'तू स्वतः बाप होईपर्यंत हे कोणास सांगू नकोस' अशी त्याने मित्रास विनंती केली. अथेन्स येथील केरामेइकोस या प्राचीन दफनभूमीत चाके लावलेला मातीचा घोडा सापडला असून तो ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातील आहे. पीटर ब्रुगेल याच्या 1560 सालच्या 'मुलांचे खेळ' या चित्रात दोनशेहून अधिक मुले खेळताना दाखविली आहेत, त्यांतही काठीच्या घोड्यावरचा स्वार आहे. हे चित्र व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही हा वर्ग ओळखीचा आहे. काठीचा घोडा महाराष्ट्रातील कोणत्या अंगणात धावला नाही? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा भरतो. त्यात मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. नागपुरात या उत्सवाचा संबंध भोसले घराण्याशी जोडण्यात येतो. गोव्यात डिचोली, सत्तरी व पेडणे या भागांत 'घोडेमोडणी' होते. तीत नर्तक कमरेस लाकडी घोड्याचे तोंड व वस्त्राचे अंग बांधून लढाईहून परतलेल्या स्वारांचा आवेश दाखवितात.

परंतु काठीचा घोडा मुलाच्याच पायांनी धावतो आणि चाकांचा घोडा दुसऱ्याने ओढावा लागतो. जागचा न हलता धावणारा घोडा ही तिसरी कल्पना आहे, आणि तिचा निश्चित पुरावा युरोपात सतराव्या शतकापासून मिळतो. त्या काळचे घोडे दिसावयास अगदी साधे. कमानीसारख्या कापलेल्या दोन जाड फळ्या समांतर उभ्या करावयाच्या, मध्ये बैठक बसवावयाची व पुढे घोड्याचे मस्तक जोडावयाचे. असा एक घोडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. तो इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या बालपणीचा म्हणून सांगण्यात येतो. चार्ल्सचा जन्म 1600 सालचा, आणि तो लहानपणी पायांनी दुबळा असून उशिरा चालू लागला, हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे घोड्यावर डुलून त्याच्या पायांत बळ आले, अशी गोड कथा त्या लाकडास चिकटणे स्वाभाविक होते. घोडा त्या काळचा असणे ही एक गोष्ट व तो त्या राजपुत्राचा असणे ही दुसरी. पहिलीचा पुरावा लाकडात शोधता येतो, दुसरीस कागद हवा.

अठराव्या शतकात फळ्यांचे अंग जाऊन खरे कोरीव अंग आले. घोड्यास मान, छाती, ताणलेले पाय मिळाले व ते पाय दोन लांब धनुष्याकार पट्ट्यांवर टेकले. एकोणिसाव्या शतकात या कामास कारखान्याचे रूप आले तरी काम हातानेच होत असे. लंडनमध्ये एफ. एच. एअर्स आणि जी. अँड जे. लाइन्स, लिव्हरपुलात कॉलिन्सन, ही नावे विशेष गाजली. जर्मनीत अंगावर खरे कातडे चढविलेले घोडेही होत असत.

अशा घोड्याची घडण पाहण्यासारखी असते. धड एका ओंडक्याचे नसते. जाड तुकडे सरसाने जोडून आतून पोकळ पेटीसारखे ते बनवीत, म्हणजे वजन कमी राही व लाकूड वाळताना फुटत नसे. अंगास पाइनसारखे मऊ लाकूड, पायांस बीचसारखे चिवट. पाय खाच व कुसू यांनी धडात बसवीत. मग पटाशीने कोरणारा कारागीर नाकपुड्या, शिरा, ओठ काढी. त्यावर खडूची पूड व सरस यांचे एकावर एक लेप देऊन अंग गुळगुळीत करीत आणि शेवटी रंग, ठिपके, कातडी खोगीर, काचेचे डोळे व केसांची आयाळ. सावंतवाडीच्या गंजिफांची पाने चिंचोक्याची खळ व खडू यांच्या लेपाने तयार होतात, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. रंग टिकावयाचा तर त्याखाली भूमी तयार करावी लागते, हे दोन्हीकडच्या कारागिरांनी ओळखले होते.

ठिपकेदार करडा रंग, ज्यास आपल्या पागेच्या कागदांतील 'सबजा' हा शब्द बराच जवळचा आहे, हा या घोड्यांचा जणू गणवेशच झाला. याविषयी सांगतात की, व्हिक्टोरिया राणीने 1851 साली लिव्हरपुलास भेट दिली त्या वेळी कॉलिन्सन यांच्याकडील असा घोडा तिला आवडला व तेव्हापासून सर्वांस तोच हवासा झाला. राणीची लिव्हरपुल-भेट खरी आहे. परंतु ठिपकेदार घोडे त्याआधीही होत असत. राणीने रंगास प्रतिष्ठा दिली असेल, जन्म दिला नाही.

(4)

येथे नावाचा थोडा विचार करू. इंग्रजीत या सर्व घोड्यांस एकच नाव आहे. मराठीत मात्र 'डुलणे' व 'झुलणे' असे दोन धातू हाताशी आहेत, आणि योगायोगाने घोड्यांचेही दोनच मुख्य प्रकार आहेत. धनुष्याकार पट्ट्यांवरचा घोडा जमिनीवर टेकून पुढेमागे कलतो, म्हणून तो डुलता. दुसरा प्रकार अमेरिकेतील सिनसिनाटी येथील फिलिप मार्क्वा याच्या युक्तीतून आला. तिचे पेटंट 1880 सालचे आहे. या रचनेत चौकट जमिनीवर स्थिर राहते. तिच्या दोन खांबांवर एक आडवी फळी असते, फळीच्या टोकांस लोखंडी कड्या टांगलेल्या असतात, कड्यांत दोन लांब पट्ट्या अडकविलेल्या असतात आणि त्या पट्ट्यांवर घोड्याचे खूर घट्ट बसविलेले असतात. घोडा पाळण्याप्रमाणे टांगलेला असून पुढेमागे सरकतो. हा खरा झुलता घोडा.

पहिल्या प्रकारात जोर केला असता घोडा उलटे, हळूहळू खोलीभर सरकत जाई, व पट्टीखाली धाकट्या भावंडाची बोटे सापडत. दुसऱ्याने ही भीती बरीच दूर केली, म्हणून पुढील काळात इंग्लिश कारखानदारांनीही त्यास सर्रास उचलून धरले. दोहोंस मिळून 'दोलाश्व' असा संस्कृत शब्द घडविता येईल. पण मुले तो उच्चारणार नाहीत, आणि ज्यांची वस्तू त्यांच्या तोंडात न बसणारे नाव ठेवण्यात अर्थ नाही. मथळ्यात रूढीस अनुसरून 'डुलता' हाच शब्द दोन्ही प्रकारांसाठी योजिला आहे.

(5)

आता कालनिर्णय. बहुसंख्य जुन्या घोड्यांवर कर्त्याचे नाव नसते. असले तर पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते. तेव्हा नाव नसलेल्या पोथीचा काळ आपण जसा कागद, शाई, अक्षरवळण व मांडणी यांवरून ठरवितो, तसाच येथेही करावा लागतो. कोरीव कामाचे वळण हे येथले अक्षरवळण होय. नाकपुडी कशी खोदली आहे, मान सरळ की वळविलेली, मागच्या पायाचा सांधा किती स्पष्ट, यांवरून जाणकार कारखाना ओळखतात. परंतु मोडी लेखकांच्या वळणाप्रमाणेच येथेही शिष्य गुरूचे गिरवितो, म्हणून केवळ वळणावर भिस्त ठेवू नये.

पायांच्या ठेवणीवर तर मुळीच ठेवू नये. चारही पाय ताणून हवेत तरंगणारा घोडा ही जुनी चित्ररूढी आहे. जेरिको याने 1821 साली काढलेल्या एप्सम येथील शर्यतीच्या चित्रात ती ठसठशीत दिसते. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची क्रमाने छायाचित्रे घेतली, तेव्हा सिद्ध झाले की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नव्हे. चित्रकारांनी आपली चूक सुधारली. लाकडी घोड्याने सुधारली नाही. आजही तो त्याच अशक्य दौडीत कोरला जातो, कारण ताणलेल्या पायांमुळे बैठक रुंद व पक्की होते, आणि धावणे म्हणजे काय याची मुलाची कल्पनाही तशीच असते. म्हणून ताणलेल्या पायांवरून घोडा 1878 पूर्वीचा ठरविणे ही ढोबळ चूक होईल.

राहिली चौकट. मार्क्वा-पद्धतीच्या कित्येक चौकटींवर 29 जानेवारी 1880 ही पेटंटची तारीख उमटविलेली आढळते. ती वाचून घोडा 1880 चा म्हणून विकणारे व विकत घेणारे दोन्ही पुष्कळ. आपल्या वाचकांस यातील फसगत चटकन कळेल. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक कित्येकदा मूळ पुष्पिकेतील शकही जसाच्या तसा उतरून घेतो आणि दोनशे वर्षांनंतरची प्रत मूळ शकाची म्हणून मिरवते. चौकटीवरील तारीख ही अशीच उतरून घेतलेली पुष्पिका आहे. तिच्यावरून एवढेच सिद्ध होते की चौकट त्या तारखेपूर्वीची नाही. किती नंतरची, हे ती सांगत नाही. शिवाय चौकटीचा काळ तोच घोड्याचा काळ, असेही नव्हे. धनुष्याकार पट्ट्या मोडल्या किंवा धोक्याच्या वाटल्या म्हणजे जुना घोडा काढून नव्या चौकटीवर बसविण्यात येई. जुन्या पोथीस नवी पुठ्ठ्यांची बांधणी करावी त्याप्रमाणे. असे झाले असल्यास खुरांच्या तळाशी पूर्वीच्या जोडाची भोके, खाचा व झिजेच्या खुणा राहतात. तेथे पाहणे हाच उपाय.

(6)

या मापाने आमचा घोडा मोजून पाहू. चौकटीच्या एका खांबावर पितळेची टोपी असून तिच्यावर उपरोक्त तारीख आहे. रंगाऱ्याने ती घासून लखलखीत केली म्हणूनच मला वाचता आली, हा त्याचा उपकार. पेशवाई 1818 साली संपली. तेव्हा चौकट रेसिडेन्सीच्या साहेबाने दिलेली असणे शक्य नाही. दुसऱ्या बाजूस, आपल्या लहानपणी हा घोडा घरात होता असे आजोबांनी मला स्वतः सांगितले आहे, व त्यांचे लहानपण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. म्हणजे चौकट 1880 नंतर केव्हातरी झाली व सुमारे तीस वर्षांच्या आत आमच्या घरात आली, एवढे खात्रीने म्हणता येते.

आणि घोडा? तो चौकटीबरोबरचाच असेल तर घरची परंपरा समूळ खोटी. तो जुना असून मागाहून या चौकटीवर चढविला असेल, तर परंपरा सिद्ध होत नाही, पण खोटीही ठरत नाही. दोहोंतून निवड करण्याची साधने तीन होती. खुरांच्या तळाशी भोके होती, ती लांबीने भरून घासून टाकली. रंगाचे थर होते. वरचा करडा रंग मूळचा की दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा, हे कडेच्या एका पोपड्यावरूनही कळले असते. आणि पोटाखाली ती अक्षरे होती. तिन्ही साक्षीदार एका दुपारी, माझ्याच पैशांनी, गेले. आता कोणी कितीही विद्वान आला तरी त्यास या घोड्याचा निवाडा करता येणार नाही. माझे स्वतःचे मत घोडा चौकटीबरोबरचाच असावा असे आहे. पण ते मत आहे, निर्णय नव्हे, व निर्णयाची वाट मीच बंद केली आहे. विद्यार्थ्यांस सांगितलेली रेसिडेन्सीची हकीकत मात्र या लेखाने परत घेत आहे.

कै. राजवाडे यांनी 1898 साली आपला पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून दप्तरे वाण्याच्या दुकानी जाण्यापासून वाचवा, असा घोष महाराष्ट्रात सतत होत आला आहे. मी स्वतः तो घोष ऐकून वाढलो व शाळेत पुढे चालविला. कागद दिसला की माझा हात थांबतो. लाकूड दिसले तेव्हा तो थांबला नाही, कारण लाकडी खेळण्यावरही लिहिलेले असू शकते हे मनात आले नाही. हा दोष केवळ माझा असता तर लेख लिहिला नसता.

(7)

इतके असूनही लोक हे घोडे का जपतात, हा प्रश्न उरतो. घोडा रस्त्यावरून गेला. मोटार आली. लाइन्स घराण्याचेच उदाहरण बोलके आहे. जोसेफ लाइन्स याच्या तीन मुलांनी 1919 साली 'लाइन्स ब्रदर्स' ही निराळी कंपनी काढली. तीन रेषांचा त्रिकोण होतो म्हणून 'ट्राय-अँग' हे चिन्ह घेतले आणि पायाने चालवावयाच्या खेळण्यातील मोटारी काढून मोठी भरभराट केली. ती कंपनी 1971 साली कोसळली. तिच्या पूर्वजांनी कोरलेले घोडे मात्र अजून घराघरांत व संग्रहांत आहेत, आणि इंग्लंडात आजही काही कारागीर हाताने असे घोडे कोरतात. कर्नाटकात बेंगळूर–म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण येथे, काळ्या कुड्याच्या मऊ लाकडावर लाखेचे रंग चढविणारी जी प्रसिद्ध कारागिरी आहे, तीतही डुलत्या घोड्याने आपले स्थान मिळविले आहे. तेथील खेळण्यांस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले आहे.

माझ्या मते कारणे तीन. पहिले असे की, बहुतेक खेळणी मूल हातात घेते. या खेळण्यावर मूल स्वतः बसते. बाहुलीशी खेळताना मूल मोठे असते, घोड्यावर बसताना घोडा मोठा असतो. आपल्याहून मोठ्या प्राण्याने आपले ऐकावे, हा अनुभव त्यास आयुष्यात प्रथम येथे मिळतो, व तो कोणी विसरत नाही.

दुसरे कारण हातकामाचे. साच्यातून निघालेल्या शंभर घोड्यांस एकच चेहरा असतो. पटाशीने कोरलेल्या दोन घोड्यांचे चेहरे सारखे नसतात, म्हणून मूल त्यास नाव ठेवते. आणि त्या हाताच्या खुणांवर पुढे दुसऱ्या हातांच्या खुणा चढतात. मानेवरचा रंग जेथे मुठीने उडाला ती जागा, टाचांनी झिजलेल्या बगला, कात्री चालवून आखूड केलेली आयाळ. शेपटीच्या किंवा खोगिराच्या भोकातून पोकळ पोटात ढकललेल्या चिजाही दुरुस्त करणारांस कधी कधी सापडतात. चार पिढ्यांची मुले जेथे आपली सही करून गेली असा कागद कोणत्या दप्तरात मिळणार?

तिसरे कारण थोडे गंभीर आहे. हा घोडा कोठेही जात नाही. इंग्लिश लेखक डी. एच. लॉरेन्स याने 1926 साली एका कथेत असाच घोडा घेतला. घरातील पैशाची तहान भागविण्यासाठी एक मुलगा त्यावर बेभान डुलून शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव मिळवितो व त्यातच प्राणास मुकतो. जो घोडा कोठे न नेण्यासाठीच घडविला, त्याच्याकडून लाभाची वाटचाल मागितली की काय होते, ते त्या कथेत आहे. मुलाने मात्र घोड्याकडे काही मागावयाचे नसते. जाणे आहे, पोचणे नाही, व त्याची खंतही नाही, अशी अवस्था मोठेपणी फार थोड्यांस लाभते. जुनी पोथी उलगडून तासन् तास बसणारांस ती थोडीफार लाभत असावी.

(8)

शेवटी जतनाविषयी. येथे सरसकट नियम सांगणे धोक्याचे आहे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा पुष्कळ संभव असतो, व ते लहान मुलांच्या पोटात जाणे घातक आहे. म्हणून पोपडे सुटलेला जुना घोडा चाटत्या-चावत्या वयाच्या मुलास देऊ नये, आणि तो कोरडा घासून शिशाची धूळ घरभर उडविणे त्याहूनही वाईट. आमच्या रंगाऱ्यास व घरच्यांस मी या धोक्यातही लोटले, हे नंतर कळले. मुलास बसावयास नवा घोडा घ्यावा. जुन्यास विश्रांती द्यावी. आपल्याकडील, विशेषतः कोकणातील, दमट हवेत सरस सैल पडतो, जोड उघडतात व खडूचे अस्तर सुटते, तेव्हा कोरडी, सावलीची जागा पाहावी. वाळवीची तपासणी पोथ्यांप्रमाणेच नियमाने करावी.

नवा रंग देणे व जुना रंग खरवडणे यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड कवच 2022 साली उतरविण्यात आले तेव्हा आतील मूळ मूर्तीचे बारकावे प्रकट झाले. वर चढलेल्या थराने आतले झाकले होते, नष्ट केले नव्हते. घोड्यावरही पूर्वीच्या पिढ्यांनी रंगावर रंग चढविला असेल तर तो त्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि खालचा थर खाली सुरक्षित असतो. खरवडलेले मात्र परत येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा घोडा असेल त्यांस विनंती अशी की, काहीही करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पोटाखाली, खुरांखाली, खोगिराखाली पाहावे. अक्षर, आकडा, पितळेची टोपी, कागदाची चिठ्ठी जे दिसेल ते जसेच्या तसे उतरावे. घरची परंपरा कोणी सांगितली यासह लिहून ठेवावी. व हे टिपण घोड्याबरोबरच ठेवावे. इतके केल्यावर काही न करणे हेच बहुधा उत्तम.

आरंभी ज्या पाणिनीय प्रत्ययाचा उल्लेख केला त्याची एक पुढची बाजू सांगून लेख पुरा करतो. ज्या देवप्रतिमा उपजीविकेस आधार देतात पण विकण्यासाठी नसतात, त्यांच्या नावातील हा 'क' लोपतो. विकाऊ प्रतिकृतीस तो राहतो. नियम देवप्रतिमांपुरता आहे, दृष्टान्तादाखल येथे घेतो. आमचा घोडा बाजारात आता कवडीमोल झाला आहे. जाणकार ग्राहक पांढऱ्या तैलरंगाकडे पाहून मान फिरवितो. तो विकाऊ राहिला नाही, तेव्हा त्याचा 'क' गळाला असे मी मानतो. नात त्यावर रोज बसते. रंग नवा असल्याने तिला त्यापासून भय नाही, आणि मानेवर मुठीच्या जागी तो आताच थोडा निस्तेज होऊ लागला आहे. ती जागा पुसावयाची नाही, असे घरात सर्वांस सांगून ठेवले आहे.

असो. वाचकांपैकी कोणाच्या संग्रही असे घोडे, किंवा त्यांच्या खरेदीचे उल्लेख असलेली घरगुती कीर्दखाती असतील, त्यांनी त्यांची मापे व नकला या त्रैमासिकाकडे धाडाव्यात. प्रस्तुत लेखात जे न्यून असेल ते जाणत्यांनी दाखवून द्यावे. पेन्सिलीच्या त्या अक्षरांखेरीज बाकी सर्व दुरुस्त करता येईल.